सोऱ्या माळ्यावरच आहे

(पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

प्रश्न : मी ४८ वर्षांची आहे, धनकवडीत राहते. नऊ वर्षं दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेत होते. चकलीला गिऱ्हाईक सगळ्यात जास्त. शेवटच्या वर्षी नुसत्या चकल्याच साठ किलो गेल्या. भाजणी सासूबाई करायच्या, बाकीचं मी आणि मदतीला दोघी बायका. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात सासूबाई गेल्या. पहिल्या दिवाळीला दुखवट्याचं कारण सांगून ऑर्डरी घेतल्या नाहीत. यंदा काय सांगू? गणपती उठल्यापासून जुनी गिऱ्हाइकं फोन करताहेत आणि मी फोन उचलत नाही.

घरचं सगळं होतं. डबे, धुणं, सासऱ्यांची औषधं. पण अकरा वाजले की मी सोफ्यावर बसते, मोबाइल हातात येतो आणि एक वाजता खाली ठेवला जातो. सोऱ्या माळ्यावर आहे, जुन्या पेपरात गुंडाळलेला. तो काढायचा म्हटलं की हातच उचलत नाही. मिस्टर म्हणतात, आळशी झालीस. मुलगी हिंजवडीला नोकरीला आहे, ती रोज एक मोटिव्हेशनचा व्हिडिओ पाठवते. आता म्हणते, काउन्सेलरकडे जा. मला खरंच विचारायचंय, नुसतं बोलून उत्साह कसा येईल? माझं चकलीत काय अडलंय ते परक्या माणसाला काय कळणार?

उत्तर : ताई, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते बरोबर आहे. परक्या माणसाला काही कळत नाही. मी पंचवीस वर्षं समुपदेशनाचं काम करते आहे, पण समोरचं माणूस दारातून आत येऊन खुर्चीवर बसतं तेव्हा मलाही त्याचं काही ठाऊक नसतं. म्हणून मला विचारावं लागतं. तुमच्या मिस्टरांना आणि लेकीला वाटतं की त्यांना कळलंय. त्यामुळे ते विचारत नाहीत, सांगतात. दोघांचा जीव आहे तुमच्यावर, त्याबद्दल शंका नाही. पण गेल्या दोन वर्षांत ‘तो सोऱ्या काढताना तुला नेमकं काय होतं गं?’ असं कुणी विचारलंय का? तुमच्या पत्रात तरी ते दिसलं नाही.

आता ‘आळशी’ या शब्दाबद्दल. आळसात माणूस सुखात असतं. दुपारी लोळावं, वर पंखा फिरत असावा, कुणी हाक मारू नये, याला आळस म्हणतात. तुमचे डबे वेळेवर जातात, सासऱ्यांची गोळी चुकत नाही, आणि अकरा ते एक या दोन तासांचा हिशेब तुम्ही घड्याळ लावून मला लिहून पाठवला आहे. सुखात बसलेलं माणूस असा हिशेब ठेवत नाही. तो शब्द तुम्ही स्वतःला लावू नका आणि घरच्यांनाही लावू देऊ नका. तो एकदा चिकटला की माणूस शोधायचंच थांबतं, कारण उत्तर मिळाल्यासारखं वाटतं.

माझ्याकडे आलात तर पहिल्या भेटीत मी सोऱ्याबद्दल विचारणारच नाही. झोप कशी आहे, पाळी कशी आहे, केस गळतात का, पायऱ्या चढताना धाप लागते का, हे विचारीन. चाळिशी ओलांडलेल्या बाईचा ‘उत्साह गेला’ यामागे थायरॉइड मंदावलेलं असू शकतं, हिमोग्लोबिन उतरलेलं असू शकतं, बी-१२ कमी असू शकतं. रजोनिवृत्तीच्या आसपास झोपेचे हाल होतात ते वेगळेच. फॅमिली डॉक्टरांकडून या तपासण्या आधी करून घ्या. थायरॉइड कमी असलेल्या बाईशी मी महिनोन्महिने नुसत्या गप्पा मारत बसले, तर तो तिच्यावर अन्याय होईल.

दुसरी गोष्ट, मी तुम्हाला नऊ प्रश्नांचा एक कागद देईन. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही असं किती दिवस झालं, मन खिन्न किती दिवस होतं, झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं, असे साधे प्रश्न असतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे जास्तीत जास्त २७. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दलचा असतो आणि त्याचं उत्तर मी कधीही घाईने वाचत नाही. गुण बरेच वर गेले किंवा त्या नवव्या प्रश्नावर पेन अडखळलं, तर मी तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवीन. ते डॉक्टर असतात, औषध देऊ शकतात. मी समुपदेशक आहे, मी औषध देत नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात. झोपेच्या गोळ्यांसारखी त्यांची चटक लागत नाही. ही भीती पुष्कळ घरांत असते म्हणून लिहिते.

हे दोन्ही पाहून झालं की आपण सोऱ्याकडे येऊ.

मी विचारीन, ‘परवा अकरा वाजता काय झालं? मोबाइल हातात येण्याच्या आधीचं सांगा.’ तुम्ही म्हणाल, काही नाही, बसले. मी म्हणेन, त्याच्या आधी? ओटा पुसला. मग? मग माळ्याकडे नजर गेली. आणि नजर गेली तेव्हा? इथे बहुतेक माणसं थांबतात. खोलीत काही क्षण शांतता असते आणि मी ती भरून काढत नाही. त्या शांततेतून जे येतं त्यासाठीच पाऊण तास राखून ठेवलेला असतो. एकदा एका घड्याळजींनी तिथे सांगितलं की दुकानाच्या शटरचा आवाज आता नकोसा होतो, कारण ते वर करताना दुसऱ्या बाजूला त्यांचा भाऊ असायचा. घरच्यांना सात महिने वाटत होतं की माणूस कामचुकार झाला.

तुमचं काय आहे ते मला माहीत नाही. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट आहे ती तुमच्यापुढे ठेवते, चुकत असेन तर खोडून टाका. तुम्ही लिहिलंय की भाजणी सासूबाई करायच्या. चार वाट्या तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक उडदाची, हे प्रमाण कुणीही सांगेल. पण उडदाची डाळ मंद आचेवर कुठवर भाजायची, धने कोणत्या वासाला उतरवायचे, हे कागदावर नसतं. ते त्यांच्या नाकात होतं. चकली तुटली तर मोहन जास्त झालं की भाजणी जास्त भाजली गेली, हे विचारायला नऊ वर्षं तुमच्या शेजारी माणूस होतं. आता सोऱ्या खाली काढायचा म्हणजे ते माणूस नाही हे पुन्हा एकदा ओट्यापाशी उभं राहून सोसायचं, आणि वर साठ किलोंची जबाबदारी एकटीने घ्यायची. याला ‘मोटिव्हेशन नाही’ म्हणायचं की आणखी काही, ते आपल्याला बोलून ठरवता येईल. व्हिडिओतला माणूस लाख उत्साहाने बोलत असेल, पण त्याला तुमच्या सासूबाई माहीत नाहीत.

आता तुमचा मुख्य प्रश्न, बोलून उत्साह कसा येईल. नुसत्या बोलण्याने येत नाही, हे मी मोकळेपणाने सांगते. आपली सगळ्यांची समजूत अशी असते की आधी वाटायला हवं आणि मग करायला हवं. अमेरिकेत १९७०च्या दशकात पीटर लेविनसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने निराश माणसांचे दिवस बारकाईने पाहिले. मन उतरलं की माणूस एकेक गोष्ट सोडतो. सोडलेल्या गोष्टींतून जे बरं वाटायचं तेही जातं, त्यामुळे मन आणखी उतरतं आणि आणखी काहीतरी सुटतं. तुमची चकली सुटली, मग गिऱ्हाइकांशी बोलणं सुटलं, त्या दोघी बायकांचं येणं थांबलं, दिवाळीआधीचा तो गलबला थांबला. १९९६ साली नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या सुमारे दीडशे रुग्णांवर एक अभ्यास केला. काहींना विचार बदलण्याचे संपूर्ण उपचार दिले, काहींना त्यातला फक्त एक भाग दिला : सुटलेल्या गोष्टी थोड्या थोड्या करून पुन्हा दिवसात आणायच्या. त्या एका भागानेही तेवढाच गुण आला. उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी पाहिलं, तरी तसंच. मला हा अभ्यास जवळचा वाटतो, कारण खोलीत बसून मी जे पाहते त्याच्याशी तो जुळतो. इच्छा बहुतेक वेळा उशिरा येते. हात चालू झाल्यावर, कधी तिसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या आठवड्यात.

पण ‘थोडं थोडं’ म्हणजे किती, इथेच सगळं ठरतं. मी या कामात नवी असताना एका शिक्षिकेला पहिल्याच भेटीत वेळापत्रक लिहून दिलं होतं. पाचला उठणं, पर्वतीवर जाणं, प्राणायाम, वाचन. त्या पुन्हा आल्या नाहीत. सहा महिन्यांनी तुळशीबागेत समोरासमोर आलो तेव्हा मान खाली घालून म्हणाल्या, ‘तुम्ही सांगितलेलं काहीच जमलं नाही, मग तोंड दाखवायची लाज वाटली.’ आधीच खचलेल्या बाईच्या हातात मी आणखी एक नापास झालेली वही दिली होती. त्या दिवसापासून मी कुणालाही घरी करायचं काम देताना ते त्यांच्याकडूनच ठरवून घेते, आणि त्यांनी ठरवलेल्याच्या निम्मं करते.

तुमच्याबाबतीत मी साधारण असं काही सुचवीन. पहिल्या आठवड्यात फक्त सोऱ्या माळ्यावरून खाली. तोही ‘जमेल तेव्हा’ नको. मंगळवारी दुपारी चहाचं आधण ठेवलं की स्टूल घ्यायचं. रोज घडणाऱ्या गोष्टीला नवी गोष्ट बांधली की मनाशी हुज्जत घालावी लागत नाही. पेपर सोडायचा नाही, ओट्यावर ठेवायचा, आणि चहा प्यायचा. एवढंच काम. वहीत दोन आकडे लिहायचे : बरं किती वाटलं, दहापैकी, आणि आपल्याला जमलं असं किती वाटलं, दहापैकी. पुष्कळदा पहिला आकडा शून्य असतो आणि दुसरा चार. त्या चाराकडे आपलं एरवी लक्षच जात नाही. पुढच्या आठवड्यात पेपर सोडून, पितळी असेल तर चिंच लावून घासायचा. रडू आलं तर येऊ द्यायचं, सोऱ्या कुठे जात नाही. त्यानंतर घरापुरती एका वाटीची भाजणी, सासऱ्यांना शेजारी खुर्ची देऊन. इतकी वर्षं त्या घरात भाजणीचा वास घेतलेला आणखी एक माणूस तुमच्याच घरात आहे, हे तुमच्या लक्षात आलंय का?

आणि मंगळवारी स्टूल घेतलंच नाही, तर? तरी यायचं. जे जमलं नाही ते मला जमलेल्यापेक्षा जास्त सांगतं. आपण स्टूल आणखी ठेंगणं करू.

यंदा ऑर्डरी घेऊ नका असं माझं मत आहे. गिऱ्हाइकांना फोन न उचलण्यापेक्षा एक ओळीचा निरोप पाठवा, ‘यंदा नाही, पुढच्या वर्षीचं गणपतीनंतर कळवते.’ ते मिस्ड कॉल रोज तुमचं थोडं थोडं बळ खातात. आठ-दहा भेटींत, आठवड्याला एक धरली तर दोन-अडीच महिन्यांत, आपण कुठे आहोत ते दोघींना दिसेल. आणि पुढच्या वर्षी तुम्ही ठरवलंत की चकली करायचीच नाही, शेव-चिवड्यावर थांबायचं किंवा हा व्यवसायच नको, तर तेही चालेल. माझं काम तुम्हाला साठ किलोंपर्यंत नेण्याचं नाही.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, परभणीहून आलोय, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. एमपीएससीचा हा चौथा प्रयत्न. सकाळी आठला अभ्यासिकेत जातो, रात्री दहाला निघतो, पण पुस्तकाचं पान उलटत नाही. व्हिडिओ बघितला की दोन दिवस जोर येतो, मग परत तेच. समुपदेशनाची फी परवडणार नाही. ते असं काय वेगळं सांगतात?

उत्तर : आधी पैशाचं. मानसिक त्रासात फोनवर मदत करणाऱ्या सरकारी टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. फोन फुकट लागतो, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. रात्री दहाला अभ्यासिकेतून निघाल्यावर जिना उतरताना लावलास तरी चालेल. समोरासमोर बोलायचं असेल तर ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. येरवड्याच्या मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग चालतो. तिथे जाणारे सगळे ‘वेडे’ असतात ही समजूत गावाकडची म्हणून सोडून देऊ नकोस, ती पुण्यातही भरपूर आहे. तिचा विचार न करता जा.

आता वेगळं काय ते. व्हिडिओ तुला जोर देतो, कारण त्यात यशस्वी झालेला मुलगा दिसतो. दोन दिवसांनी तो उतरतो, कारण तुझ्या टेबलाशी तू एकटा असतोस. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर एकाच प्रश्नावर काम केलं : माणसाच्या आतून येणारी ओढ कशावर टिकते? त्यांना तीन गोष्टी सापडल्या. हे मी निवडलंय असं वाटणं, मला हे जमतंय असं वाटणं, आणि आपलं म्हणावं असं कुणी सोबत असणं. तुझ्या तीन ओळींच्या पत्रात मला या तिन्ही जागा रिकाम्या दिसताहेत. परीक्षा तू निवडलीस की घराने? तीनदा यादीत नाव नाही, मग ‘जमतंय’ हे कुठून येणार? आणि पहिल्या वर्षी बरोबर आलेले मित्र आज कुठे आहेत? कुणाला पोस्टिंग मिळालं असेल, कुणी गावी परतला असेल.

समुपदेशक तुला ‘सोड’ किंवा ‘लढ’ सांगणार नाही. कुणी तसं सांगितलंच तर दुसरा समुपदेशक शोध. तो तुला कदाचित असं विचारेल : ही परीक्षा तुझ्यासाठी किती महत्त्वाची, दहापैकी? तू म्हणशील, सहा. तो विचारेल, मग तीन का नाही? या प्रश्नाचं उत्तर देताना माणूस स्वतःची कारणं स्वतःच्या तोंडाने बोलतो. वडिलांची नाही, क्लासच्या सरांची नाही. अशा तऱ्हेने विचारण्याची पद्धत विल्यम मिलर यांनी १९८३ साली प्रथम मांडली, तीही दारू सुटत नसलेल्या माणसांसोबत काम करताना. दरडावलं की माणूस आपल्या जागी आणखी घट्ट बसतो, हे त्यांनी पाहिलं होतं. कुणाची कारणं बोलता बोलता वाढतात, तर कुणाच्या लक्षात येतं की सहा म्हटलं खरं, पण आत दोनच आहेत. दोन्ही कळणं उपयोगाचं.

तोवर एक कर. चौदा तास अभ्यासिकेत बसणं थांबव. ती खुर्ची आता तुझ्या मेंदूला अभ्यासाची नाही, अडकल्याची आठवण करून देते. सकाळी दीड तास बस, उठून बाहेर ये, अमृततुल्यात चहा घे, कुणा एकाशी अभ्यास सोडून दुसरं काहीतरी बोल, मग पुन्हा दीड तास. दुपारी मेसचं जेवण झाल्यावर झोप येते तेव्हा पुस्तकापुढे पेंगण्यापेक्षा वीस मिनिटं सरळ झोप. आणि रविवारी वडिलांना फोन करशील तेव्हा अभ्यासाआधी पिकाचं विचार. ते तुझ्या गुणांपलीकडे तुझ्याशी काही बोलू इच्छितात का, हे तुला कळेल.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सुटलं. दुपारी दोनला उठतो, खोलीबाहेर येत नाही. आम्ही निगडीला राहतो. त्याला समुपदेशनाला कसं न्यावं? तो ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो.

उत्तर : त्याला ओढून नेऊ नका. पहिल्या भेटीला तुम्ही दोघं या, त्याला तसं सांगून या : ‘आम्हाला तुझ्याशी कसं बोलावं कळेनासं झालंय, ते विचारायला चाललोय.’ यात खोटं काही नाही आणि त्याच्यावर दोषही येत नाही. पुष्कळ मुलं तिसऱ्या-चौथ्या भेटीला आपणहून विचारतात, तिथे माझ्याबद्दल काय बोलता?

सकाळचं भाषण आजपासून बंद. त्याऐवजी दुपारी तो उठला की एकाने त्याच्याबरोबर जेवायला बसा, ताटं वाढून, परीक्षेचा विषय न काढता. मात्र तो एकटाच पुटपुटत असेल, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं म्हणत असेल, रात्र रात्र जागत असेल किंवा मरणाचं बोलला असेल, तर माझ्यासाठी थांबू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा, आणि रात्रीची वेळ असली तर १४४१६.